सिस्टरबाबांचा दाखला

आमच्या गावाबाहेर एका संस्थेचा दोन खोल्यांचा दवाखाना होता आणि त्यात एक फ्रेंच नर्स होती. ती नन नव्हती. पण आमच्याकडे नर्सही सिस्टर आणि ननही सिस्टर, त्यामुळे तो फरक कुणी केला नाही. मुरबाडहून सिद्धगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावरचं आमचं गाव. तिथे ती बारा वर्षं राहिली. मराठी ती पेशंटकडून शिकली, आणि पेशंट बहुतेक वाड्यांवरच्या बाया. त्यामुळे ती अस्सल आमच्याकडचं बोलायची. नाय, हाय, आमी, तुमी. क्रियापदं मात्र सगळी बायकांची. पुरुष स्वतःबद्दल बोलतो तेव्हा क्रियापद बदलतं, हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. तशी गरजच पडली नव्हती.

गरज पडली ती तिचे वडील आले तेव्हा. सत्त्याण्णव सालचा दिवाळीनंतरचा सुमार. तिची आई वारली होती, वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, फ्रान्सला एकटे. हिवाळा इथे काढू दे, म्हणून तिनं त्यांना बोलावलं. दवाखान्यामागच्या तिच्या खोलीत एक खाट आणि औषधांची खोकी यांच्याशिवाय जागा नव्हती. आमच्या घराला भावासाठी काढलेली एक खोली रिकामी होती. भाऊ कल्याणला नोकरीला लागून तिथलाच झाला होता. सिस्टरनं विचारलं, माझ्या वडिलांनी "येऊ दे" म्हटलं, आणि ते आले.

मी तेव्हा शेजारच्या गावच्या हायस्कुलात इतिहास-भूगोल शिकवत होतो. नववीला दुसरं महायुद्ध होतं. त्यात फ्रान्सच्या वाट्याला एक वाक्य होतं, ते शरण गेल्याचं. ते वाक्य मी दहा वर्षं शिकवलं होतं आणि त्याच्याबद्दल मला काही अडचण आली नव्हती.

म्हातारा उंच, पाठीत किंचित वाकलेला. बुटांच्या दुकानात नोकरी करण्यात त्याची उभी हयात गेली होती. कुणी समोर आलं की तो आधी पायांकडे बघायचा, मग तोंडाकडे. माझ्या बायकोला पहिल्या दिवशी ते विचित्र वाटलं. दुसऱ्या दिवशी तिनं टाचांच्या भेगांना तेल लावलं. गावानं त्याचं नाव दोन दिवसांत ठरवलं: सिस्टरबाबा.

त्याला इंग्रजीचे पंचवीस-तीस शब्द येत होते. मला त्याहून थोडे जास्त. माझ्या वडिलांना एकही नाही. सिस्टर दिवसभर दवाखान्यात. त्यामुळे पहिले दोन दिवस म्हातारा ओट्यावर खुर्चीत बसून होता आणि समोरच्या खळ्यात आमची भाताची झोडणी चालली होती ती बघत होता.

झोडणीला वडील होते आणि वाडीवरचं एक कातकरी जोडपं होतं. ते दोघं दरवर्षी आमच्याकडेच यायचे. मूठभर पेंढी धरायची, लाकडी फळीवर आपटायची, दाणा खाली पडला की पेंढा बाजूला टाकायचा. बघण्यासारखं त्यात काही नसतं. तिसऱ्या दिवशी सकाळी म्हातारा उठला, बाह्या दुमडल्या, खळ्यात आला आणि पेंढा गोळा करून रचायला लागला.

वडील थांबले. "अरे, त्याला बस बोल. पावना हाय तो. पावन्याला कामाला लावला तर गाव काय बोलंल?"

रविवार होता, म्हणून मी घरी होतो. मी म्हणालो, "प्लीज सिट."

तो म्हणाला, "नो, थँक यू," आणि पेंढा रचत राहिला. रचत चांगला होता. आमची पद्धत त्याला माहीत नव्हती, पण कुठलीतरी पद्धत माहीत होती. बुडखे बाहेर, शेंडे आत, मधे दाबून. वडिलांनी बराच वेळ बघितलं आणि मग काही न बोलता दोन पेंढ्या उचलून आपल्या पद्धतीनं लावून दाखवल्या. त्यानं पुढच्या तशा लावल्या.

दुपारी जेवायची वेळ झाली. आमच्याकडे रीत अशी की कामाची माणसं अंगणात आंब्याखाली जेवायची. त्यांच्या पितळ्या वेगळ्या, पडवीच्या कोनाड्यात ठेवलेल्या. घरची माणसं आत. बायकोनं म्हाताऱ्याला आत पाट मांडला. त्यानं भात, वालाची आमटी, सुकी मासळी असं भरलेलं ताट दोन्ही हातांनी उचललं, उंबरा ओलांडला आणि आंब्याखाली जाऊन त्या दोघांच्या शेजारी बसला. मांडी घालता येत नव्हती, म्हणून पाय लांब करून, ताट मांडीवर घेऊन.

कातकरी बाई नवऱ्याकडे बघायला लागली. नवरा भाताकडे.

वडील दारात उभे राहिले. "त्याला आत बोलाव."

मी बोलावलं. तो म्हणाला, "हिअर गुड."

यापुढे माझ्या इंग्रजीचा आणि त्याच्या इंग्रजीचा उपयोग नव्हता.

संध्याकाळी साडेपाचला दवाखाना बंद करून सिस्टर आली. वडिलांनी तक्रार सांगितली. पाव्हण्यानं झोडणीला हात लावला, आणि आत वाढलेलं ताट उचलून अंगणात नेलं. घरात काही कमी पडलं का? आमचं काही चुकलं का?

सिस्टरनं बापाला विचारलं. म्हाताऱ्यानं चार-पाच वाक्यांत उत्तर दिलं. ते ऐकून तिनं पुन्हा काही विचारलं. त्यानं पुन्हा सांगितलं. मग ती गप्प बसली.

"काय बोलतात?" वडिलांनी विचारलं.

"बोलतो," सिस्टर म्हणाली, "मी शेतावर काम करत व्हते. पाच वर्सं. मी कैदी व्हते."

"तुमी?"

"मी नाय. हा."

"मंग 'व्हतो' बोला."

"व्हतो," सिस्टर म्हणाली, आणि पुढच्याच वाक्याला पुन्हा 'व्हते'वर आली. नंतरही ते कधी सुधारलं नाही. महायुद्धातल्या एका फ्रेंच शिपायाची कैद मी जी ऐकली, ती अशी आमच्या वाडीवरच्या बाईच्या भाषेत ऐकली. आजही आठवते ती तशीच.

सिस्टर गप्प का बसली होती ते तिनं मला दुसऱ्या दिवशी सांगितलं. बाप लढाईच्या काळात जर्मनीत होता एवढंच तिला माहीत होतं. शेताचं, कैदेचं काही नाही. घरी विषय निघाला की आई ताटं उचलायला लागायची.

त्यानंतर दोन महिने, दवाखाना बंद झाल्यावर सिस्टर यायची, चहा व्हायचा, आणि अंधार पडेपर्यंत म्हातारा सांगायचा. तो सुरुवातीपासून सांगत नसे. त्या दिवशी शेतात जे काम झालं असेल, त्यावरून त्याला काहीतरी आठवे.

चाळीस सालच्या जून महिन्यात तो पकडला गेला. मी विचारलं, लढाई कशी होती. तो म्हणाला, लढाई मी फारशी पाहिली नाही, रस्ता पाहिला. आधी मागे हटताना, मग कैदी म्हणून चालताना, रस्ता तोच. पुढे गुरांच्या डब्यातून तीन दिवस रेल्वेनं. मग मोठी छावणी. तिथे डोकं भादरलं, कपडे वाफेत घातले, फोटो काढला आणि गळ्यात नंबराचा पत्रा अडकवला. कोटाच्या पाठीवर दोन मोठी अक्षरं रंगवली, लांबून कैदी ओळखू यावा म्हणून. छावणीत दिवस मोजायचा तो सुपावरून. दुपारचं सूप यायच्या आधी आणि सूप येऊन गेल्यानंतर. सूप म्हणजे पाणी आणि एक कंद, जो एरवी गुरांना घालतात.

"कोन्चा कंद?" वडिलांनी विचारलं. त्याचं नाव सिस्टरला मराठीत येत नव्हतं. मुळ्यासारखा, पण गोल, असं ती म्हणाली. वडिलांनी मान हलवली. त्यांचे प्रश्न असेच असायचे. हिटलरचं नाव मी दोनदा काढलं, त्यांनी एकदाही नाही.

महिन्याभरानं त्याला इतर वीस जणांबरोबर एका खेड्यात पाठवलं. जर्मनीच्या पार पूर्वेकडचा भाग. गडीमाणसं लढाईवर गेलेली, बटाटे जमिनीत. गावच्या चौकात कैद्यांना रांगेत उभं केलं आणि शेतकरी येऊन निवडायला लागले. दंड दाबून बघायचे, हात उलटे करून तळवे बघायचे.

"म्हशाच्या जत्रेत बैल बघतात तसं," वडील म्हणाले.

सिस्टरनं ते फ्रेंचमध्ये सांगितलं. म्हातारा म्हणाला, हो, तसंच.

"दात बघितले का?"

दात नाही बघितले.

"मंग त्यांना काय समजत नव्हतं," वडील म्हणाले.

म्हाताऱ्याचे तळवे दुकानदाराचे, मऊ. सगळ्यांची निवड झाली, हा उरला. शेवटी एक बाई आली. तिला उशीर झाला होता, कारण तिची गाय अडली होती. नवरा लढाईवर, घरात अंथरुणाला खिळलेली सासू, पाच गाई, दोन घोडे. तिनं याच्याकडे पाहिलं, मग रिकाम्या चौकाकडे पाहिलं, आणि शिपायाच्या कागदावर सही केली. गाईचं वासरू अर्धं बाहेर होतं. त्यानं जर्मन शेतीत केलेलं पहिलं काम म्हणजे त्या वासराचे पाय दोरी बांधून ओढणं. भाषा येत नव्हती. बाई 'ओढ' म्हणाली असेल असं समजून तो ओढत राहिला. ती 'थांब' म्हणत होती, हे त्याला महिन्याभरानं समजलं.

"वासरू जगलं?"

"जगलं," सिस्टर म्हणाली. "पण बाई माज्याशी आठ दिवस बोलली नाय."

सकाळी पाचला शेण काढायचं, मग धारा, मग शेत. मे महिन्यात पेरण्या, जुलैत गवत, सप्टेंबरात बटाटे, नंतर बीट. हिवाळ्यात लाकडं फोडायची. बूट फाटले तसे लाकडी खडावांसारखे बूट मिळाले, मोज्यांच्या जागी चिंध्या गुंडाळायच्या. बुटांच्या दुकानातल्या माणसाला त्याचा सगळ्यात जास्त त्रास झाला. चिंध्या कशा गुंडाळायच्या ते त्यानं माझ्या बायकोच्या जुन्या ओढणीवर करून दाखवलं. संध्याकाळी एकवीसही जणांना गावच्या नाचाच्या हॉलमध्ये कोंडत. पळून जाऊ नयेत म्हणून शिपाई त्यांच्या विजारी आणि बूट काढून घेऊन दुसऱ्या खोलीत कुलपात ठेवायचा.

वडिलांनी यावर बराच विचार केला. "म्हंजे रोज सकाळी एकवीस मानसांच्या विजारी वाटायच्या?"

"हां."

"आनि बदलाबदली झाली तर?"

व्हायची, म्हातारा म्हणाला. भांडणं त्यावरूनच व्हायची.

आणि ते ताटाचं. जर्मन सरकारचा नियम होता की कैद्यानं घरच्या माणसांच्या टेबलावर जेवायचं नाही. त्याला वेगळं टेबल हवं. त्या बाईच्या स्वयंपाकघरात दोन टेबलांना जागा नव्हती. तिनं एक स्टूल आणलं आणि मोठ्या टेबलाला लावून ठेवलं, मधे एवढी फट. त्यानं चार बोटं दाखवली. सूप एकाच भांड्यातलं, पाव एकच. फक्त ती चार बोटांची फट. तपासणीला कुणी आलं की ती पायानं स्टूल मागे ढकलायची आणि मग फट हातभर व्हायची. पाच वर्षं मी त्या स्टुलावर जेवले, सिस्टर म्हणाली, आणि मला त्या फटीचा राग भुकेपेक्षा जास्त यायचा.

 माझी बायको दाराशी उभी होती, ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वडील अंगणात गेले आणि कातकरी जोडप्याला म्हणाले, "बाहेर ऊन लय हाय. पडवीत या जेवायला."

नोव्हेंबर संपत आला होता. ऊन अंगावर घ्यावंसं वाटत होतं.

"नाय दादा," बाई म्हणाली. "आमाला हितंच बरा."

 जबरदस्ती करायची की नाही याचा वडिलांना अंदाज येत नव्हता. शेवटी ते आत आले, आपलं ताट घेऊन ओट्यावर जाऊन बसले, आणि आत घुसमटतं म्हणाले. पुढे ते कायम ओट्यावरच जेवले. कोनाड्यातल्या वेगळ्या पितळ्या बायकोनं एक दिवस घरच्या भांड्यांत मिसळून टाकल्या. त्याबद्दल घरात चर्चा झाली नाही. ते जोडपं काय म्हणालं असेल, ते मला माहीत नाही. मी विचारलं नाही, आणि हे आता लिहिताना मला बरं वाटत नाही.

जानेवारीत आमच्या मुख्याध्यापकांना कुठूनतरी कळलं की माझ्याकडे महायुद्धातला एक फ्रेंच शिपाई राहतो. सव्वीस जानेवारीला झेंड्याला त्याला पाहुणा म्हणून बोलवायचं ठरलं. मी म्हणालो, ते कैदी होते. मुख्याध्यापक म्हणाले, "आपलेही सगळे मोठे नेते कैदीच होते."

म्हातारा यायला तयार नव्हता. सिस्टरनं सांगितलं, मुलं वाट बघतायत, तेव्हा आला. कोट घातला होता, बूट इतके चकचकीत की पहिल्या रांगेतल्या मुली त्यांच्याकडेच बघत होत्या. मुख्याध्यापकांनी ओळख करून दिली, "फ्रान्सचे थोर स्वातंत्र्यसैनिक, ज्यांनी शत्रूच्या देशात राहून शत्रूशी लढा दिला." शाल, श्रीफळ झालं. टाळ्या झाल्या. मग त्याला दोन शब्द बोलायला सांगितलं.

तो माईकसमोर उभा राहिला आणि फ्रेंचमध्ये तीन वाक्यं बोलला. सिस्टरनं ती सांगितली.

"मी लढले नाय. मी पाच वर्सं बटाटे काढले. बटाटे चांगले व्हते."

मुलं हसली. मुख्याध्यापकांनी माईक घेतला आणि म्हणाले की थोर माणसं नेहमी विनयशील असतात. पुन्हा टाळ्या झाल्या. मग लेझीम झालं.

 घरी आल्यावर त्यानं शाल घडी करून माझ्या बायकोच्या हातात दिली, परत द्या म्हणाला. अशी वस्तू परत द्यायची सोय शाळेत नव्हती. ती पुढे आमच्या ट्रंकेत राहिली.

त्या संध्याकाळी चहा होण्याआधीच त्यानं सांगायला सुरुवात केली. सिस्टर नेहमीसारखी एकेक वाक्य मराठीत आणत होती, पण त्या दिवशी मधे मधे थांबत होती.

पंचेचाळीस सालची सुरुवात. रशियाचं सैन्य जवळ आलं होतं, तोफा ऐकू येत होत्या. गावातली निम्मी माणसं गाड्यांत सामान भरून पश्चिमेकडे निघून गेली. बाईला जाता येत नव्हतं, सासू अंथरुणात होती. नवऱ्याचं पत्र वर्षभर आलेलं नव्हतं. एक दिवस कैद्यांचा शिपाईच नाहीसा झाला. विजारींच्या खोलीची किल्ली दाराला तशीच होती. कैदी मोकळे झाले, आणि कुठे जायचं ते न कळून आपापल्या मालकाकडे कामाला गेले. गाई ओरडत होत्या, धारा काढायच्या होत्या.

संध्याकाळी बाईनं त्याला स्वयंपाकघरात बसवलं. त्या दिवशी स्टूल नव्हतं, खुर्ची होती. तिनं एक कोरा कागद आणि पेन्सिल पुढे ठेवली. म्हणाली, तुझ्या भाषेत लिहून दे. मी तुला कसं वागवलं ते लिही. रशियन शिपाई आले की मी हा कागद दाखवेन.

"दाखला," माझे वडील म्हणाले.

सिस्टरनं तो शब्द ऐकला होता, तिच्या पेशंटना तलाठ्याकडे सारखे लागायचे. "हां. दाखला."

"मंग दिला?"

"नाय. सकाळी देते, बोलले."

"सकाळी दिला?"

म्हाताऱ्यानं नाही अशी मान हलवली. सकाळी अंधारातच बाकीचे फ्रेंच निघाले. कुणीतरी दारावर थाप मारली, तो उठला आणि त्यांच्याबरोबर गेला. घरावरून गेला, पण आत गेला नाही. खिडकीत दिवा होता.

"का नाय दिला?" वडिलांनी विचारलं. आवाजात दोष नव्हता. काय अडचण होती एवढंच त्यांना समजून घ्यायचं होतं.

म्हाताऱ्यानं बायकोनं दिलेला चहा आधी पिऊन संपवला. मग बोलला.  सिस्टरनं आधी बापाच्या गुडघ्यावर हात ठेवला, मग आमच्याकडे बघून म्हणाली, "बोलतो, पाच वर्सं ती ठरवत व्हती मी कधी जेवायचं, कधी झोपायचं. त्या दिवशी पयल्यांदा तिला माज्याकडनं काय तरी पायजे व्हतं. मला ते एक रात माज्या हातात ठेवायचं व्हतं. फक्त एक रात. सकाळी देनारच व्हते."

वडील म्हणाले, "सकाळी देतो बोलला तो दाखला कधीच मिळत नाय. मी मुरबाडला लय फेऱ्या मारल्यात."

हे सिस्टरनं बापाला सांगितलं की नाही, मला माहीत नाही. पण थोड्या वेळानं वडीलच पुढे म्हणाले, "मंग आता द्या."

"आता कोनाला?" सिस्टर म्हणाली.

"तिला. नाय तर तिच्या पोराबाळांना. दाखला उशिरा दिला तरी चालतो. तारीख घालायची आनि सही करायची."

म्हातारा त्या कल्पनेवर विचार करत दोन दिवस शेताच्या बांधावरून फिरला. वालाच्या शेंगा तोडायच्या होत्या, त्या त्यानं तोडल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी त्यानं माझ्याकडे फुलस्केप कागद मागितला.

दाखला फ्रेंचमध्ये त्यानं स्वतः लिहिला, आणि आम्हाला कळावा म्हणून सिस्टरनं वाचून दाखवला. त्यात असं होतं की मी या बाईच्या शेतावर पाच वर्षं कैदी म्हणून काम केलं. तिनं मला कधी मारलं नाही. रविवारी सुपात मांस असायचं. मी आजारी पडलो तेव्हा तिनं मला हॉलमध्ये परत पाठवलं नाही, गोठ्यावरच्या माळ्यावर झोपवलं आणि शिपायाला खोटं सांगितलं. एकदा माझ्या हातून नांगर मोडला तेव्हा तिनं तीन दिवस माझा पाव निम्मा केला, हेही खरं आहे. हा दाखला तिनं मागितला होता तेव्हा मी दिला नाही.

"नांगराचं कशाला लिवलं?" वडील म्हणाले. "दाखल्यात वायट लिवत नाय."

म्हातारा म्हणाला, ते काढलं तर बाकीचं खरं वाटणार नाही. वडिलांना ते पटलं नाही. पण त्यांची खरी हरकत वेगळी होती. "शिक्का नाय. बिगर शिक्क्याचा दाखला कोन मानंल?"

सिस्टरकडे दवाखान्याचा शिक्का होता, पण तो संस्थेचा आणि तिला भीती वाटत होती. दुसऱ्या दिवशी आमचे मुख्याध्यापक रजेवर होते. मी शाळेचा गोल शिक्का घेतला, सहीच्या बाजूला मारला आणि शाई वाळू दिली. मुरबाड तालुक्यातल्या एका हायस्कुलाचा त्या बाईच्या वागणुकीशी काय संबंध, हे विचारायला तिथे कुणी नव्हतं. वडिलांनी कागद लांब धरून बघितला आणि आता बरोबर झालं म्हणाले.

पत्त्याचा प्रश्न माझ्या विषयातला होता. त्यानं गावाचं आणि जवळच्या शहराचं नाव सांगितलं. शाळेच्या नकाशात मला दोन्ही सापडली नाहीत. पण तो भाग कुठला असावा ते कळलं. युद्धानंतर तो पोलंडला गेला होता. तिथल्या जर्मन लोकांना निघून जावं लागलं होतं, आणि गावांची नावं बदलली होती. मी हे त्याला भीत भीत सांगितलं. तो म्हणाला, "आय नो." मग सिस्टरला काही बोलला.

"बोलतो, मला ठावं हाय. पन मला तेवढंच नाव येतं."

पाकिटावर त्यानं जुनंच नाव लिहिलं आणि खाली मी पोलंड लिहिलं. आम्ही दोघं एसटीनं मुरबाडला गेलो. पोस्टातल्या बाईनं पाकीट वजन करून तिकिटं लावायला दिली आणि रजिस्टर करायचं का विचारलं. म्हाताऱ्यानं करायचं म्हटलं. पावती त्यानं कोटाच्या आतल्या खिशात ठेवली आणि येताना दोनदा आहे का ते बघितलं.

मार्चमध्ये राब भाजायची, म्हणजे भाताची रोपं करायची जागा पालापाचोळा जाळून तयार करायची, कामं निघाली. तो वडिलांबरोबर पाला आणि शेण वाहत होता. ऊन वाढलं तशी सिस्टरला त्याची काळजी वाटायला लागली, आणि एप्रिलच्या शेवटी तो परत गेला. जाताना माझ्या वडिलांशी हात मिळवला. वडिलांनी त्याला कल्याणपर्यंत सोडायला जीपमध्ये बसायचा हट्ट धरला, आणि वाटेत दोघांपैकी कुणी बोललं नाही. बोलून उपयोगही नव्हता, भाषांतर करणारी सिस्टर पुढच्या सीटवर बसली होती.

पाकीट जूनमध्ये परत आलं. वर तीन-चार शिक्के होते आणि एका कोपऱ्यात परक्या भाषेत काहीतरी छापलेलं होतं, ते वाचता आलं नाही तरी समजत होतं. सिस्टरनं बापाला फोनवर सांगितलं. तो काय म्हणाला, मी विचारलं. ती म्हणाली, "बोलला, म्हंजे ती पन गेली. मी गेले तशी."

मग फोनवर बराच वेळ तो तिला दुसरंच विचारत होता. या वर्षी राब नीट उगवला का, आणि माझ्या वडिलांच्या डाव्या पायाची भेग भरली का.

नंतर तो आला नाही. एक हिवाळा यायचं ठरलं होतं, पण डॉक्टरांनी प्रवास करू दिला नाही. सिस्टरची संस्थेनं दुसऱ्या राज्यात बदली केली आणि दवाखाना वर्षभरात बंद पडला. ती सुरुवातीला पत्रं लिहायची. मराठी वाचता-लिहिता येत नव्हतं, म्हणून इंग्रजीत. त्यात ती कुणी वेगळीच, व्यवस्थित बाई वाटायची.

दोन हजार चार की पाच साली, नक्की आठवत नाही, तिचा फोन आला. तेव्हा माझ्याकडे नुकताच मोबाइल आला होता आणि त्याला रेंज फक्त घराच्या ओट्यावर होती. तिचे वडील गेले होते, ती फ्रान्सहून बोलत होती. अंत्यविधी झाला होता. त्यांच्या गावच्या नगरपालिकेत जुन्या शिपायांची यादी ठेवतात, तिथे एक अर्ज भरून द्यायचा होता. कुठे पकडले, कुठल्या छावणीत होते, कुठे काम केलं.

"मला काय आठवत नाय," ती म्हणाली. "मी बोलत व्हते ना, तवा ऐकत नव्हते. तुमी सांगा."

मला ते आधी समजलंच नाही. सगळं मी तिच्याच तोंडून ऐकलं होतं. पण ती खरं सांगत होती. वाक्य फ्रेंचमध्ये घ्यायचं, मराठीत टाकायचं, तोवर पुढचं वाक्य यायचं, त्यात तिच्याजवळ काही शिल्लक राहिलं नव्हतं. बापाच्या कैदेबद्दल पूर्ण माहिती असलेली जिवंत माणसं आता तीन होती: मी, माझी बायको आणि माझे वडील. तिघंही आमच्याच ओट्यावर.

मी सांगायला लागलो. ती हळूहळू लिहून घेत होती, मधे थांबवत होती. वडील तेव्हा ऐंशीच्या पुढे गेलेले, ऐकू कमी यायचं, पण मी काय सांगतोय हे त्यांना कळलं आणि ते शेजारून सांगायला लागले. घोडे दोन. वासरू जगलं. सासू अंथरुणाला. बायकोनं चिंध्या कशा गुंडाळायच्या ते सांगितलं, ते फोनवर सांगता येण्यासारखं नव्हतं तरी. दाखल्याचं सांगायचं की नाही, मला कळेना. मी थांबलो. पलीकडून ती म्हणाली, "ते ठावं हाय. ते नाय इसरले."

अर्धा तास झाला असेल. शेवटी मी विचारलं, अर्जात हे सगळं मावेल का.

ती म्हणाली, अर्जात एकच ओळ आहे. बाकीचं मी माझ्यासाठी लिहून घेतलं.

फोन झाल्यावर वडिलांनी विचारलं, म्हाताऱ्याला काय झालं होतं. झोपेत गेले, मी म्हणालो. बरं झालं, ते म्हणाले, आणि थोड्या वेळानं विचारलं की त्यांच्याकडे माणूस जाळतात की पुरतात. पुरतात, मी सांगितलं. कुठले बूट घातले असतील, असं ते म्हणाले. त्यावर आम्ही थोडा वेळ बोललो. मग बायकोनं जेवायला हाक मारली.